ऑक्लूडेड आघाडीची उभी रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड-मोर्शी भागातील आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी हवामानाचे नकाशे वाचण्यासाठी काही विद्यार्थी आणि काही संत्रा बागायतदार एकत्र बसतात. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाची प्रणाली, येणार असल्याची बातमी आली की प्रश्नांची संख्या वाढते, आणि नकाशावरील जांभळी रेघ म्हणजे काय या प्रश्नावर चर्चा हमखास येऊन थांबते. त्या चर्चांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ऑक्लूडेड आघाडी म्हणजे नेमके काय?

दोन भिन्न गुणधर्मांच्या वायुराशी, म्हणजे सारख्या तापमानाच्या व दमटपणाच्या हवेचे मोठे विस्तार, जेथे एकमेकींना भिडतात, त्या अरुंद पट्ट्याला आघाडी म्हणतात. मध्य अक्षांशांतील आवर्तात, म्हणजे कमी वायुभाराच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालीत, पुढे उष्ण आघाडी (उबदार हवेची पुढे सरकणारी कड) असते, मागे शीत आघाडी (थंड हवेची कड) असते आणि दोहोंच्या मध्ये उबदार हवेचा पाचरीसारखा भाग असतो. आवर्त जसजसे प्रौढ होते, तसतशी ही पाचर केंद्राजवळ अरुंद होत जाते आणि शेवटी तेथील उबदार हवा जमिनीवरून पूर्णपणे उचलली जाते. जमिनीवर तेव्हा पुढची थंड हवा आणि मागची थंड हवा यांचीच गाठ पडते. या गाठीला ऑक्लूडेड आघाडी म्हणतात. नकाशावर ती जांभळ्या रेघेने दाखवतात आणि त्या रेघेच्या एकाच बाजूला त्रिकोण व अर्धवर्तुळे आळीपाळीने काढतात.

जमिनीवरचा नकाशा असताना उभी रचना पाहण्याची गरज काय?

कारण या आघाडीत महत्त्वाची गोष्ट जमिनीवर राहिलेलीच नसते. उष्ण किंवा शीत आघाडी ओलांडली की तापमानात ठळक फरक जाणवतो. ऑक्लूडेड आघाडीच्या दोन्ही बाजूंना थंडच हवा असल्यामुळे जमिनीवरच्या तापमापकाला फारसे काही कळत नाही. वायुभाराचा उतार थांबून चढ सुरू होतो आणि वारा दिशा बदलतो, एवढीच खूण मिळते. ज्या उबदार, दमट हवेमुळे पाऊस आणि हिमवर्षाव होतो, ती हवा एक-दोन किंवा तीन किलोमीटर उंचीवर गेलेली असते. म्हणून नकाशा म्हणजे घराचा पाया दाखवणारा आराखडा मानावा आणि माळा कोठे आहे हे पाहण्यासाठी घर उभे चिरून पाहावे. या चिरलेल्या चित्रालाच उभा छेद म्हणतात.

ही कल्पना कोणी मांडली?

नॉर्वेतील बर्गन येथे विल्हेल्म बियर्कनेस यांच्याभोवती जमलेल्या तरुण अभ्यासकांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे काम केले. त्यांचे पुत्र जेकब बियर्कनेस यांनी १९१९ मध्ये फिरत्या आवर्तांची रचना मांडली, त्याच सुमारास टोर बर्गेरॉन यांनी ऑक्लूजनची प्रक्रिया ओळखली, आणि १९२२ मध्ये जेकब बियर्कनेस व हाल्व्होर सोलबर्ग यांनी आवर्ताचे संपूर्ण जीवनचक्र मांडले. आघाडी हा शब्दही त्यांनी युद्धाच्या आघाडीवरूनच घेतला. त्यांच्याकडे आजच्यासारख्या फुग्यांच्या नियमित नोंदी नव्हत्या. किनाऱ्यावरील दाट निरीक्षण केंद्रे आणि ढगांचे बारकाईने केलेले निरीक्षण यांवरून त्यांनी वरच्या हवेची रचना ताडली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आकृतीत आघाडी जवळजवळ भिंतीसारखी उभी दिसते. प्रत्यक्षात ती किती तिरपी असते?

ती फारच कमी तिरपी असते, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. उष्ण आघाडीचा उतार साधारणपणे १:१०० ते १:३०० इतका मंद असतो, तर शीत आघाडीचा उतार १:५० ते १:१०० च्या आसपास असतो. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. अमरावती ते नागपूर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. १:१५० उताराचा पृष्ठभाग अमरावतीला जमिनीला टेकलेला असेल, तर तो नागपूरवर जेमतेम एक किलोमीटर उंचीवर असेल. नांदगाव पेठ, तिवसा, तळेगाव, कोंढाळी अशी गावे मागे टाकत एसटीने तीन-चार तास जावे, तेव्हा कुठे डोक्यावरचे हे छत एक किलोमीटर वर गेलेले असते. पाठ्यपुस्तकात उभी उंची शंभरपटीच्या आसपास ताणून दाखवलेली असते. तसे केले नाही तर कागदावर एका आडव्या रेघेखेरीज काहीच दिसणार नाही. आकृती त्यामुळे चुकीची ठरत नाही, मात्र ती वाचताना हा ताण मनात उलटा फिरवून घ्यावा लागतो.

उष्ण प्रकारची आणि शीत प्रकारची ऑक्लूडेड आघाडी यांत फरक काय?

मागून येणारी हवा पुढच्या हवेच्या खाली शिरते की तिच्यावर चढते, यावर हा फरक ठरतो.

शीत प्रकारात मागची हवा पुढच्या हवेखाली पाचर घातल्यासारखी शिरते आणि पुढची हवा, तिच्यावरील उष्ण आघाडीसह, उचलली जाते. या प्रकारात आघाडीचा पृष्ठभाग वर जाताना मागच्या बाजूला झुकतो. उष्ण प्रकारात मागची हवा पुढच्या हवेच्या उतारावर चढते, जशी भरलेली बंडी धुऱ्यावर चढावी तशी. पृष्ठभाग पुढच्या बाजूला झुकतो आणि वर गेलेली शीत आघाडी जमिनीवरच्या आघाडीच्या बरीच पुढे निघून जाते. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. जोराचा पाऊस वरच्या शीत आघाडीबरोबर येतो आणि जमिनीवरची रेघ गावावरून जाईपर्यंत तो ओसरलेला असतो. केवळ रेघेची वाट पाहणारा अंदाजकर्ता अशा वेळी उशीर करतो.

दोहोंपैकी कोणता प्रकार होईल, हे कसे ठरते? जुने उत्तर असे होते की पुढची आणि मागची हवा यांपैकी जी अधिक थंड असेल ती खाली राहते. २००२ मध्ये स्टोलिंगा, लोकाटेली आणि हॉब्स यांनी दाखवले की तापमानापेक्षा स्थैर्य निर्णायक असते, म्हणजे उंचीबरोबर हवा किती घट्ट थरांत रचलेली आहे हे पाहावे लागते. ऑक्लूडेड आघाडी अधिक स्थिर हवेच्या वरून झुकते. उष्ण आघाडीचा पट्टा बहुधा शीत आघाडीच्या पट्ट्यापेक्षा अधिक स्थिर असतो, म्हणून उष्ण प्रकार अधिक आढळतो आणि खरा शीत प्रकार विरळा असतो. पुष्कळ पुस्तकांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी, समान आकारात छापलेले असतात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात दोन्ही सारखेच सामान्य असल्याची समजूत होते, आणि ती काढून टाकावी असे मला वाटते.

ट्रोवाल हा शब्द वाचनात येतो. तो काय आहे?

जमिनीवरून उचलली गेलेली उबदार हवा वर एका लांबट, पन्हळीसारख्या पट्ट्यात राहते. कॅनडातील हवामानशास्त्रज्ञांनी या पट्ट्याला ट्रोवाल हे नाव दिले. जमिनीवर आघाडी कोठे आहे यापेक्षा हा पट्टा कोठे आहे हे सांगणे हिमवर्षावाच्या अंदाजासाठी अधिक उपयोगाचे आहे, असे त्यांना आढळले. उभ्या छेदात उबदार हवेचे जे सर्वांत खाली उतरलेले टोक दिसते, तेच ट्रोवालचे स्थान.

उभा छेद काढण्यासाठी माहिती कोठून मिळते?

मुख्य आधार रेडिओसोंडचा असतो. हायड्रोजन किंवा हेलियम भरलेल्या फुग्याला तापमान, आर्द्रता आणि वायुभार मोजणारी लहान पेटी बांधून तो सोडतात. फुग्याच्या सरकण्यावरून वाराही कळतो. फुगा मिनिटाला सुमारे ३०० मीटर वेगाने चढतो, म्हणजे दहा किलोमीटर उंची गाठायला त्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. जगभर या नोंदींच्या ठरलेल्या वेळा एकच आहेत, त्या भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच. नागपुरातूनही असे फुगे सोडले जातात. त्या केंद्राचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४२८६७ असून त्याच्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आमच्या वाचनालयातील मुले मोबाइलवर त्याच उघडतात.

एका रांगेतील अनेक केंद्रांच्या एकाच वेळच्या नोंदी शेजारी मांडल्या की अंतराचा छेद तयार होतो. एकाच केंद्राच्या लागोपाठच्या नोंदी मांडल्या की वेळेचा छेद तयार होतो. दुसरी पद्धत सोयीची वाटते, पण तिच्यातील मर्यादा लक्षात घ्यावी. प्रणाली ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर दोन फुग्यांमधील बारा तासांत ४८० किलोमीटर हवा केंद्रावरून निघून जाते. शंभर-दीडशे किलोमीटर रुंदीचा आघाडीचा पट्टा त्या मध्यंतरात येऊन जाऊ शकतो आणि दोन्ही फुग्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ही फट भरून काढण्यासाठी उपग्रहाची जलबाष्पाची चित्रे आणि डॉप्लर रडार यांचा आधार घेतात.

छेदात साध्या तापमानाऐवजी पोटेन्शियल तापमान का मांडतात?

हवा वर गेली की वायुभार कमी झाल्याने ती प्रसरण पावते आणि थंड होते. त्यामुळे एक किलोमीटरवरील हवा आणि जमिनीवरची हवा यांच्या तापमानांची थेट तुलना करता येत नाही. ती तुलना करता यावी म्हणून प्रत्येक हवेला कल्पनेने १००० हेक्टोपास्कल (हे वायुभाराचे एकक; ही पातळी साधारण समुद्रसपाटीजवळची, आकडा घटेल तशी उंची वाढते) पातळीवर आणून तेथे तिचे तापमान किती होईल हे काढतात. उदाहरणार्थ, ८५० हेक्टोपास्कलवर शून्य अंश सेल्सिअस असलेल्या हवेचे पोटेन्शियल तापमान सुमारे २८६ केल्विन, म्हणजे १३ अंश सेल्सिअस येते. हवा बाष्प न गमावता वर-खाली झाली तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून त्यावरून वायुराशीची ओळख पटते. संत्र्याची पेटी मोर्शीच्या बाजारात असो की नागपूरच्या, आतील फळ कोणत्या बागेचे हे बदलत नाही, तसेच हे आहे. ढग तयार होत असतील तर बाष्पातून सुटणारी उष्णताही धरावी लागते, आणि त्यासाठी तुल्य पोटेन्शियल तापमान वापरतात. ऑक्लूडेड आघाडीच्या अभ्यासात हेच सर्वांत उपयोगी पडते, कारण वर गेलेल्या दमट हवेची जीभ त्यात स्पष्ट दिसते.

एकाच फुग्याच्या नोंदीत ही आघाडी कशी ओळखावी?

समजण्यासाठी आम्ही आखलेली एक कल्पित नोंद पाहा. १००० हेक्टोपास्कलवर तापमान ४ अंश, ९०० वर उणे १ अंश, ८५० वर शून्य अंश, ८०० वर १ अंश आणि ७०० वर उणे ६ अंश. पोटेन्शियल तापमान काढले तर अनुक्रमे सुमारे २७७, २८१, २८६, २९२ आणि २९६ केल्विन येते. १००० ते ९०० या थरात वाढ जेमतेम ४ केल्विन आहे, ८०० ते ७०० या थरातही ती ४ केल्विन आहे, पण ९०० ते ८०० या तेवढ्याच जाडीच्या थरात ती ११ केल्विनहून अधिक आहे. या मधल्या, घट्ट रचलेल्या थरात आघाडीचा तिरपा पट्टा फुग्याने खालून वर छेदला. त्याच्या खाली पुढची थंड हवा आहे आणि वर वेगळी वायुराशी सुरू होते.

येथे एक काळजी घ्यावी. तापमान उंचीबरोबर वाढताना दिसले की आघाडी सापडली असे मानू नये. वरून खाली बसणाऱ्या हवेमुळेही असा थर तयार होतो. दवबिंदूकडे पाहिले की फरक कळतो. आघाडीच्या थरात वर जाताना दवबिंदूही बहुधा वाढतो किंवा टिकून राहतो, कारण वरची हवा दमट असते. खाली बसणाऱ्या हवेच्या थरात तो एकदम कोसळतो. टेफिग्रॅमवर, म्हणजे फुग्याच्या नोंदी मांडण्याच्या आलेखावर, तापमान आणि दवबिंदू यांच्या रेघा जवळ येतात की दूर जातात, एवढे पाहणे पुरेसे असते.

हिवाळ्यात सकाळी चुलीचा धूर गावावर सपाट पसरतो. ती आघाडी असते का?

नाही, पण स्थिर थर डोळ्यांनी पाहण्याची याहून चांगली संधी खेड्यात मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धूर कौलांवरून सरळ चढतो, कडुनिंबाच्या शेंड्याच्या थोडा वर जाऊन अडतो आणि निळसर चादरीसारखा वावरांकडे सरकू लागतो. रात्री जमीन उष्णता गमावून गार होते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते, पण वरची हवा तुलनेने उबदार राहते. तो थर धुराला वर जाऊ देत नाही. ऊन तापले की नऊ-दहाच्या सुमारास तो मोडतो आणि धूर पुन्हा वर जाऊ लागतो. आघाडीचा थर मात्र जमिनीपासून सुटून वर असतो आणि ऊन पडले म्हणून मोडत नाही.

वाऱ्यावरून काही कळते का?

बरेच कळते. उत्तर गोलार्धात वाऱ्याची दिशा उंचीबरोबर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत असेल, उदाहरणार्थ खाली आग्नेय, त्यावर दक्षिण आणि आणखी वर नैर्ऋत्य, तर त्या थरात उबदार हवा येत आहे असे समजावे. ती उलट वळत असेल, तर थंड हवा येत आहे. उष्ण प्रकारच्या ऑक्लूडेड आघाडीच्या पुढे खालच्या थरांत पहिला प्रकार दिसतो. वरची शीत आघाडी डोक्यावरून गेली की वरच्या थरांत दुसरा प्रकार सुरू होतो, जमिनीवर अजून काहीच बदललेले नसतानाही.

विदर्भात ऑक्लूडेड आघाडी येते का?

जमिनीवर येत नाही. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि ज्या ध्रुवीय व उबदार हवेच्या संघर्षातून ही रचना जन्मते तो संघर्ष मध्य अक्षांशांत होतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतात पोहोचेपर्यंत बहुधा जुने, ऑक्लूड झालेले असतात. वाटेतील पर्वतरांगांमुळे त्यांची खालची रचना विस्कटते, म्हणून उष्ण आणि शीत आघाड्या येथील जमिनीवरच्या नकाशात क्वचितच सुबक दिसतात. वरची द्रोणी, म्हणजे पश्चिमी वाऱ्यांतील खोल वळण, मात्र शाबूत असते आणि तिचे दक्षिण टोक कधी कधी आपल्या अक्षांशापर्यंत पोहोचते.

म्हणूनच विदर्भातल्या माणसाने हा विषय उभ्या रचनेपासूनच शिकावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वाट्याला या प्रणालीचा पाया कधीच येत नाही, येतो तो फक्त तिचा वरचा मजला. जमिनीवरचा नकाशा कितीही वेळ पाहिला तरी त्यात आपल्याला विक्षोभ दिसणार नाही. ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलोमीटर उंचीचा नकाशा पाहिला की दिसेल.

मग फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट या आघाडीमुळे होते का?

थेट आघाडीमुळे नाही. त्या काळात बंगालच्या उपसागराकडून खालच्या थरांत दमट हवा येते, तर वर पश्चिमेकडची कोरडी हवा असते. विदर्भापासून दक्षिणेकडे जाणारी द्रोणीय रेषा हे या दोन्ही वाऱ्यांच्या खंडाचे, म्हणजे वारा एकदम बदलण्याचे, स्थान असते, ती आघाडी नव्हे. याच वेळी वरून विक्षोभाची थंड द्रोणी आली की खाली उबदार-दमट आणि वर थंड अशी अतिशय अस्थिर रचना तयार होते आणि गडगडाटी ढग झपाट्याने वाढतात. ऑक्लूडेड आघाडीत उबदार हवा स्थिर थरावरून हळूहळू चढते आणि तासन्‌तास संथ पाऊस देते. गारपिटीच्या ढगात ती काही मिनिटांत उसळते. दोन्हींचा मूळ धागा एकच विक्षोभ असू शकतो, पण उभ्या रचना अगदी भिन्न आहेत.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट येथील कोणीही विसरलेले नाही. सोंगणीला आलेला हरभरा, ओंबीतला गहू आणि झाडावरचा मृग बहार एकाच वेळी मार खात होता. त्यानंतरच आमच्या गावात वरच्या हवेचे नकाशे पाहण्याची सवय लागली.

शीत आघाडी उष्ण आघाडीला गाठते म्हणून ऑक्लूजन होते, हे अजूनही बरोबर मानतात का?

अपुरे मानतात. २०११ मध्ये डेव्हिड शुल्ट्झ आणि जेरंट वॉन यांनी या समजुतीची सविस्तर फेरतपासणी केली. त्यांच्या मांडणीनुसार उबदार हवेची पाचर आवर्ताभोवती गुंडाळली जाते, ताणली जाते आणि अरुंद होते, हे मूळ कारण आहे. एक आघाडी दुसरीला गाठते हा त्याचा परिणाम आहे. ऑक्लूजन झाले की आवर्त लगेच दुबळे होते, हेही नेहमी खरे नसते. अनेक आवर्ते त्यानंतरही खोल होत राहतात.

स्वतः छेद काढताना कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक दिशेची. छेद आघाडीला शक्य तितका काटकोनात घ्यावा. विक्षोभ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असेल तर जोधपूर, ग्वाल्हेर, लखनौ अशी पूर्व-पश्चिम रांग घ्यावी. श्रीनगरपासून नागपूरपर्यंत उभी रांग घेतली तर छेद आघाडीला जवळजवळ समांतर जातो आणि उतार खोटाच मंद दिसतो.

दुसरी चूक केंद्रांमधील रेषा पट्टीने सरळ जोडण्याची. पट्ट्याच्या आत पोटेन्शियल तापमानाच्या रेषा दाटीने आणि बाहेर विरळ असायला हव्यात. ती दाटी आधी प्रत्येक केंद्राच्या उभ्या ओळीवर पेन्सिलीने खूण करून घ्यावी आणि मगच शेजारच्या ओळीशी जोडावी.

तिसरी चूक जमीन विसरण्याची. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तेथे ८५० हेक्टोपास्कलची पातळी बहुधा जमिनीच्याही खाली येते. आमच्यातील एका मुलाने त्या पातळीवरही नेटाने आघाडी काढली होती. त्याला पुसायला सांगण्याऐवजी आम्ही त्याच कागदावर तपकिरी रंगाने काश्मीरचे खोरे, पीर पंजाल आणि पंजाबचे मैदान भरले, आणि त्याची अर्धी आघाडी डोंगराच्या पोटात गेलेली त्याला दिसली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक छेदात सर्वांत आधी जमीन रंगवतात.